बारा नंबरचा डबा

रविवारी सकाळी पार्वताबाईंनी पापडांचा डबा उघडला, त्यात पापड निघाले. मग त्यांनी सिनेमाचा डबा उघडला, तर त्यातही पापडच निघाले.

पार्वताबाई होत्या तिथेच खाली बसल्या. घरात माणसं होती. नारायणराव आंघोळीला गेले होते, दिवाकर अंगणात स्कूटर पुसत होता आणि सून इंदू मोरीपाशी चहाची भांडी विसळत होती. एरवी पार्वताबाईंनी एवढ्यात सगळ्यांना हाका मारून रांगेत उभं केलं असतं. पण आज आवाज काढायची सोय नव्हती, कारण जे झालं होतं ते त्यांच्याच हातून झालं होतं. आणि पार्वताबाईंच्या हातून काही होत नसतं, हे जबलपूरच्या अख्ख्या अधारताल वस्तीला पाठ होतं. आमच्या घरात वस्तू जागची हलत नाही, हे वाक्य त्या दारावर आलेल्या भाजीवाल्यालासुद्धा ऐकवत.

त्यांच्या नावावर उभ्या जन्मात एकच डाग होता, तोही तीस वर्षांपूर्वीचा. नवी नवरी असताना त्या पहिल्यांदा नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन त्याच्या कामावर गेल्या होत्या आणि त्या दिवशीची वांग्याची भाजी करपली होती. सासूबाई मरेपर्यंत आल्यागेल्याला ते सांगत राहिल्या. भाजी करपली कशी ते पार्वताबाईंना आजवर कळलं नव्हतं. आपण तर चुलीपुढून हललोही नव्हतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पण कामावरच्या त्या खोलीच्या दारात करपल्याचा वास त्यांनी स्वतःच्या नाकानं घेतला होता, तेव्हा बोलणार काय.

ते काम म्हणजे छावणीतल्या क्लबात सिनेमाची मशीन चालवण्याचं. नारायणराव तिथे ऑपरेटर होते. क्लबात एक इंग्रजी सिनेमा आला होता, तो एका दमात संपणारा नव्हता. त्याचे बारा भाग होते आणि आठवड्याला एकच दाखवायचे. तोंडावर फडकं बांधलेला, पाठीवर झूल सोडलेला एक गोरा माणूस त्यात छपरांवरून उडत जाई आणि प्रत्येक भागाच्या शेवटी मरता मरता राही. त्याचं खरं नाव इंग्रजीत होतं, ते जबलपुरात कोणाच्या जिभेवर बसलं नाही. लोकांनी त्याला उडन मास्टर करून टाकलं. पुढे क्लब बंद पडला, तेव्हा भंगारात निघालेले ते बारा गोल पत्र्याचे डबे नारायणरावांनी घरी आणले. बरोबर तसलेच दोन रिकामे डबेही आणले. रिकामे पार्वताबाईंनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतले. झाकण घट्ट, मुंगी शिरत नाही, दमट हवा लागत नाही. तेव्हापासून त्या उडदाचे पापड बरोबर त्या डब्याच्या मापानं लाटत आल्या होत्या. लाटलेला पापड डब्यात टाकला की कडेला बोट शिरायचं नाही.

ज्या वर्षी अधारतालात घरोघरी टीव्ही आले, त्याच वर्षी मराठी मंडळाचा सेक्रेटरी पुंडलिक याला या डब्यांचा शोध लागला. टीव्हीपायी मंडळात काळं कुत्रं येईना झालं होतं. नारायणराव एकदा बोलता बोलता बोलून गेले की माझ्याकडे बारा भाग आहेत. पुंडलिकनं दुसऱ्या दिवशी पाट्या रंगवल्या. कुठूनशी जुनी मशीन आणली, ती नारायणरावांनी उघडून तेलपाणी करून चालती केली, आणि फेब्रुवारीपासून दर रविवारी चार वाजता मंडळाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून उडन मास्टर उडायला लागला.

पहिल्या रविवारी अकरा माणसं होती, त्यातली चार घरचीच. पाचव्या रविवारी दाराबाहेर चपला ठेवायला जागा उरली नाही. मराठी तर आलेच, पण शेजारचे तिवारी, जैन, मझौलीकडून दवाखान्याला आलेले पाहुणे, सगळे आले. इंग्रजी कोणाला कळत नव्हतं, त्यामुळे कोणाचं काही अडत नव्हतं. पार्वताबाई पहिल्या रांगेत बसत आणि बसल्या जागेवरून उडन मास्टरचे वाभाडे काढत. विजार आत आणि चड्डी बाहेर घालणारा माणूस जगाला काय सांभाळणार, असं त्यांनी पहिल्याच भागात विचारलं होतं. चौथ्या भागात त्यांनी त्या इंग्रजांची चोरीही पकडली. मागल्या रविवारी उडन मास्टर मोटारीत बसल्या बसल्या दरीत पडला होता, सगळ्यांनी डोळ्यानं पाहिलं होतं. या रविवारी दाखवलं की तो मोटार पडायच्या आधीच उडी मारून बसला होता. "हे काय हे," पार्वताबाई भर अंधारात म्हणाल्या, "परवा तर बसला होता आत. आमाले का आंधळे समजून राहिले?"

तरीही दर रविवारी साडेतीनला त्या लुगडं बदलून तयार असत. अकराव्या भागाच्या शेवटी, जग बुडवायची मशीन बनवणाऱ्या दाढीवाल्या डॉक्टरनं उडन मास्टरला नावेत बांधलं आणि नाव सोडून दिली ती थेट धबधब्याकडे. धबधबा असा की सगळा हॉल एका तोंडानं म्हणाला, हा तर आपल्या जबलपूरचा धुआंधार. नाव कड्यावर आली, तिरपी झाली आणि दिवे लागले. तो आठवडा अधारतालात दुसरा विषय नव्हता. आज बारावा भाग होता. आणि आज शाल, श्रीफळ देऊन नारायणरावांचा सत्कार होता.

हे शेवटलं पार्वताबाईंच्या काळजात जाऊन बसलं होतं. हा माणूस तीस वर्षं अंधारात मशीनमागे उभा राहिला, लोकांच्या पाठीच पाहिल्या. त्याचं तोंड कोणी पाहिलं नाही. आज पहिल्यांदा तो उजेडात खुर्चीवर बसणार, आणि बायकोनं त्याच्या हातात पापडाचा डबा द्यायचा?

झालं कसं तेही त्यांना आता लख्ख दिसत होतं. बुधवारी तीन डबे टेबलावर शेजारी शेजारी होते. दोन पापडांचे, एक मझौलीच्या विहीणबाईंना धाडायचा आणि एक आज मंडळात तळायचा. तिसरा बारा नंबरचा. पहिले अकरा पेटीत परत गेले होते. पार्वताबाईंनी धूळ पाहिली आणि ओल्या फडक्यानं तिन्ही पुसले, तर बारा नंबरचा कागद फडक्याला चिकटून आला. त्यांनी तो भाताच्या शितानं परत चिकटवला. कोणत्या डब्यावर, ते तेव्हा माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं वाटलं होतं. तेवढ्यात तहसीलच्या कामाला आलेला जावई घाईत निघाला आणि एक डबा त्याच्या पिशवीत गेला.

म्हणजे उडन मास्टर बुधवारपासून मझौलीला विहीणबाईंच्या फळीवर होता.

पार्वताबाईंनी झाकण लावलं, तोंडावर पदर फिरवला आणि अंगणात आल्या. मझौलीला स्कूटरनं जाऊन चारच्या आत परत येता येत होतं. पण जायचं कशाला, हे सांगायला हवं होतं. रीळ गेलं म्हणावं, तर दोन मिनिटांत इंदूला कळणार. याच इंदूला परवा धोब्याकडे दुसऱ्याची चादर गेली म्हणून त्यांनी सबंध दुपार ऐकवलं होतं. त्याआधी मंगळवारी, मोठ्या पिंपातले पापड कमी दिसतात, कोणाला वाटलेस म्हणून विचारलं होतं. पार्वताबाईंनी डोकं चालवलं. एक कारण सापडलं, ते जिभेवर यायला मात्र फार वेळ लागला.

"दिवाकर, मझौलीले जाऊन ये. विहीणबाईले दिलेला डबा वापस आण. न उघडता आण."

"काहून?"

"पापड..." पार्वताबाईंनी मोरीकडे एकदा पाहून घेतलं. "पापड बिघडले."

दिवाकरच्या हातातलं फडकं थांबलं. "तुझे?"

"पापडखार जास्त पडला. जा आता, प्रश्न नको विचारू."

दिवाकर कपडे बदलायला घरात गेला. पार्वताबाईंना वाटलं, झालं, सुटलो. त्यांना हे लक्षात आलं नाही की आपले पापड बिघडले ही बातमी अधारतालात बाकी कोणत्याही बातमीपेक्षा मोठी होती. दिवाकरनं ती इंदूला सांगितली. इंदू जागच्या जागी उभी राहिली. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि या घरात सासूकडून काही बिघडल्याचं तिनं पहिल्यांदा ऐकलं. असली गोष्ट एकटीच्या पोटात कशी राहणार. शेजारच्या हेमलताबाई कुंपणापाशी होत्या, त्यांना तिनं हळूच सांगितलं, आणि सांगताना कोणाला सांगू नका असंही सांगितलं.

नऊ वाजता हेमलताबाई ताटलीत आठ पापड घेऊन आल्या. त्यांनाही या मोसमात पार्वताबाईंकडून पापड आले होते. त्यांनी फार मायेनं विचारलं की हे खाल्लेले चालतील का, घरी म्हातारे सासरे आहेत. पार्वताबाईंनी ताटली ठेवून घेतली. दहा वाजता तिवारीण आली. तिच्या कानावर खार जास्त पडल्याचं नव्हतं आलं, तोंड आल्याचं आलं होतं. अकरा वाजता जैनांकडून पापडांचं पुडकं कोणीतरी दारात नुसतंच ठेवून गेलं. दुपारपर्यंत हेमलताबाईंचे सासरे दोनदा ओकले होते. खुद्द सासरे ओट्यावर बसून पेपर वाचत होते, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

प्रत्येक ताटलीगणिक पार्वताबाईंचं तोंड लहान होत गेलं. त्यांचे पापड घरी परत येत होते. साठ वेळा कुटलेलं पीठ, डब्याच्या मापानं लाटलेले, चंद्रासारखे. आणि त्यांना तोंडातून एक अक्षर काढता येत नव्हतं. एक चूक झाकायला त्यांनी जी चूक अंगावर घेतली होती ती त्याहून मोठी निघाली होती.

बारा वाजता पुंडलिक आला. बिचारा दारातच उभा राहून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता.

"काकू, आज ते पापड तळायचं राहू द्या. गर्मी बहुत आहे ना, लोकांले पचत नाही. मी कमानिया गेटवरून नमकीन बोलावलं."

"नमकीन पचते?" पार्वताबाईंनी विचारलं.

पुंडलिक म्हणाला की तो बारा नंबरचा डबा घेऊन जातो, म्हणजे मशीनपाशी आधीच ठेवता येईल. हे ऐकताच आतून नारायणराव आणि बाहेर पार्वताबाई दोघंही एकदमच म्हणाले की डबा आम्हीच आणू. पुंडलिकनं दोघांकडे पाहिलं आणि तो गेला.

नारायणरावांचं चित्त तर गेले कित्येक दिवस ठिकाणावर नव्हतं. जेवण दोन घासांवर आलं होतं. मशीनमधून आवाज येतो म्हणत होते. खोकला येतो म्हणत होते. सत्कार पुढच्या वर्षी ठेवला तर काय बिघडतं, असंही पुंडलिकला विचारून झालं होतं. उजेडाची सवय नाही, भितात, असं पार्वताबाईंनी धरलं होतं. नाही म्हणायला एक गोष्ट बरी झाली होती. या माणसाला तीस वर्षांत घरातली काड्यापेटी कुठे असते ते कळलं नाही, पण मागल्या सोमवारी त्यानं आपणहून विचारलं होतं की तुझ्या एका डब्यात पापड किती मावतात. पार्वताबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी मोजून आकडा सांगितला होता.

अडीच वाजता नारायणराव धोतर बदलून, हात मांडीवर ठेवून बाहेरच्या खोलीत बसले. पार्वताबाई दारात. दोघंही रस्त्याकडे पाहत होते. का पाहता, असं दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

सव्वातीनला स्कूटर आली. दिवाकर धुळीनं पांढरा झाला होता. मागे, दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरून, डोळे मिटून, मझौलीच्या कलावतीबाई बसल्या होत्या. लेकीच्या सासूबाई. जन्मात पहिल्यांदा त्या स्कूटरवर बसल्या होत्या. उन्हाची लू लागू नये म्हणून डोक्याला ओला पंचा बांधला होता.

दिवाकरनं खुणेनंच सांगितलं की आपला इलाज चालला नाही. कलावतीबाईंना वाटलं होतं की दिलेला डबा परत मागतात म्हणजे आपल्याकडून मानपानात काही राहिलं. ते तोंडावर विचारल्याशिवाय घास घेणार नाही, असं म्हणून त्या निघाल्या होत्या. आल्या आल्या पाणीही न घेता त्यांनी डबा पार्वताबाईंपुढे ठेवला.

"विहीणबाई, माझं का चुकलं ते सांगा."

"तुमचं काई नाही चुकलं, बाई. पापडच बिघडले म्हणून..."

"कोण म्हणते बिघडले?" कलावतीबाईंनी झाकण काढलं. "गुरुवारी आमच्याकडे दहा पानं उठली. अर्धा डबा संपला. आमच्या घरी असा पापड कोणी खाल्ला नव्हता, आणि तुम्ही म्हणता बिघडले?"

डब्यात पापड होते. खाली निम्म्यापर्यंत, एकावर एक, कडेला बोट शिरणार नाही असे.

ही तारीफ ऐकायला पार्वताबाई एरवी दहा कोस चालून गेल्या असत्या. आता त्यांनी वरचे पापड उचलून डब्याचा तळ पाहिला. तीन डबे, तिन्हींत पापड. रीळ मझौलीला नव्हतं. घरात नव्हतं. म्हणजे आपण ते कुठे घातलं, हे आपल्यालाही माहीत नाही. इंदूनं पापड आणि सासू यांच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. पापड चांगले आहेत तर मग सकाळपासून हे काय चाललंय, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तेवढ्यात नारायणराव उठले, टेबलावरचा बारा नंबरचा डबा त्यांनी काखेत घेतला आणि म्हणाले, चला, चार वाजत आले.

डबा काखेत घेतलेल्या नवऱ्यामागून पार्वताबाई मंडळापर्यंत चालत गेल्या. वाटेत तीनदा त्यांनी सांगायला तोंड उघडलं. तिन्ही वेळा कोणीतरी आडवं येऊन नारायणरावांना हार घालत होतं.

हॉल गच्च भरला होता. पुंडलिकनं भाषण केलं, त्यात नारायणरावांपेक्षा मंडळाच्या छपराच्या दुरुस्तीचं जास्त आलं, पण ते राहू द्या. शाल घातली. नारळ दिला. नारळ धरून बसलेल्या नारायणरावांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. पार्वताबाई पहिल्या रांगेतून ते पाहत होत्या. आता हा माणूस खाली येणार, मशीनपाशी जाणार, साऱ्या गावासमोर झाकण उघडणार. त्याला काहीच माहीत नाही. तो डब्यात हात घालील आणि हाताला पापड लागेल. लोक हसतील, आणि अंगावर शाल असताना हसतील.

पुंडलिकनं डब्याला हात घातला. पार्वताबाई उठून उभ्या राहिल्या.

"थांब, पुंडलिक. त्याच्यात रीळ नाही."

नारायणरावांनी खुर्चीचा हात धरला.

"पापड आहेत. बुधवारी डबे पुसताना माझ्या हातून अदलाबदल झाली. रीळ कुठी गेलं मले माहीत नाही. ह्यांचा काही दोष नाही." पार्वताबाई एक क्षण थांबल्या, कारण पुढचे शब्द त्यांच्या तोंडाला नवे होते. "चुकलं माझं."

इंदूचं तोंड उघडंच राहिलं. कलावतीबाईंच्या हातातला पंखा थांबला. पुंडलिकनं झाकण काढून आत पाहिलं आणि परत लावलं. पार्वताबाईंना कोण काय बोलणार. शेवटी मागून तिवारींचा आवाज आला, तो फार दुःखी होता.

"अम्मा, तो उडन मास्टर मर गया क्या?"

"काहून मरंल?" पार्वताबाई म्हणाल्या.

त्या आता उभ्या होत्याच. चूक कबूल करून झाली होती आणि आभाळ कोसळलं नव्हतं. उलट छातीवरचा पाटा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटत होतं. त्यांनी पदर खोचला आणि सांगायला सुरुवात केली.

आधी त्यांनी हे साफ करून टाकलं की उडन मास्टर नाव पडायच्या आधी उडी मारून बसला नव्हता. तसली लबाडी आज चालायची नाही. नाव पडली, आणि तो नावेसकट पडला. पण ती पोरगी होती ना, अकरा भाग नुसती किंचाळत होती ती? ती काठावर उभी होती. तिला आता किंचाळायचा कंटाळा आला होता. तिनं पाहिलं की याची झूल पाण्यावर तरंगून राहिली. तिनं झूल धरली, पायरीला टाच लावली आणि ओढला, विहिरीतून बादली ओढावी तसा. वर आल्यावर तो लगेच उडून जायला निघाला. तिनं झूल सोडली नाही. म्हणाली, आधी त्या दाढीवाल्याले आण. दोघं गेले, दाढीवाला मशीनपुढे बसून होता, खटके दाबून राहिला होता. उडन मास्टरनं मूठ वळली. पोरीनं म्हटलं, थांब, आणि भिंतीतली वायर ओढून टाकली. मशीन बंद. एवढंच करायचं होतं, बारा भाग कशाला पायजे होते.

हॉल हसून हसून आडवा झाला.

"मग घरी गेले," पार्वताबाई म्हणाल्या. "त्याच्या मायनं दार उघडलं, तोंडावरचं फडकं सोडलं आणि विचारलं, जेवला का तू? तर त्याच्या लक्षात आलं का आपण बारा आठवडे झाले जेवलो नाही. संपलं."

टाळ्या थांबेनात. तिवारी डोळे पुसत होते. कोणीतरी म्हणालं की काकूंच्या हातचे ते पापड तरी काढा, रिळाच्या जागी तेच चालतील. कलावतीबाईंनी उठून जाहीर केलं की पापड झकास आहेत, मी खाल्ले आहेत, हे पाहा मी उभी आहे. कमानिया गेटचं नमकीन तसंच राहिलं आणि बारा नंबरचा डबा मंडळाच्या कढईत निम्म्याहून जास्त रिकामा झाला. हेमलताबाईंच्या ओकलेल्या सासऱ्यांनी चार खाल्ले.

दिवेलागणीला सगळे घरी आले. कलावतीबाई इंदूबरोबर अंगणात बसल्या, दिवाकर पाठ टेकून पडला. पार्वताबाई स्वयंपाकघरात गॅसपाशी उभ्या होत्या. डब्यात उरलेल्या पापडांतला एक त्यांनी चिमट्यात धरून आचेवर घेतला होता. नारायणराव शाल पांघरूनच आत आले आणि दाराला टेकून उभे राहिले.

"तुझ्याकडून काही अदलाबदल नाही झाली," ते म्हणाले.

पार्वताबाईंनी मान वळवली.

"त्या डब्यात पापड मीच भरले. मागल्या मंगळवारी, तू बाजारात गेली तेव्हा. पिंपातून घेतले. रिकामा डबा हलका लागला असता ना, पुंडलिकच्या हाताले."

"रिकामा काहून? रीळ?"

"रीळ नाहीच. तीस वर्षं झाली, बारा नंबरचा डबा रिकामाच आहे." नारायणराव शालीच्या काठाशी चाळा करत होते. "बोलून गेलो, बारा भाग आहेत म्हणून. पुंडलिकनं पाट्याच लावल्या. मग कसं सांगता? मी ठरवलं होतं, डबा उघडला का म्हणायचं, बायकोकडून बदलला."

"माझ्या नावावर घालणार होते?"

"तुले कोण काय बोलते? सगळे भितात. म्हटलं, तिथीच मिटून जाईल. पण तू आपणहून उठली. माझ्यासाठी. मले रडूच आलं होतं तिथी."

पार्वताबाईंनी चिमटा आचेवरून वर उचलला. म्हणजे घरातली वस्तू जागची हलली नव्हती. हलली ती नवऱ्यानं हलवली होती. त्यांच्या खांद्यांवरचा सबंध दिवस हळूहळू उतरायला लागला. मग त्यांनी विचारलं की रीळ गेलं कुठे.

नारायणरावांनी सांगितलं. ऑपरेटरला संध्याकाळच्या खेळाआधी दुपारी एकदा रीळ मशीनवर चालवून पाहावं लागतं. बारावा भाग तसाच दुपारी लावला होता. तेवढ्यात दारावर टकटक झाली. नवी नवरी पहिल्यांदा डबा घेऊन आली होती, हिरवं लुगडं नेसून. ते दाराबाहेर आले ते पाव तास बोलतच राहिले. आत चाकाचा पट्टा निसटला, रीळ गुंडाळायचं सोडून जमिनीवर सांडत गेलं, सांडत सांडत चहाच्या शेगडीवर गेलं.

"वास आला तेव्हा पळालो. हातात राहिला तो नुसता गोळा. साहेबाले सांगितलं का शेवटला डबा रेल्वेतून आलाच नाही."

पार्वताबाईंचा चिमट्याचा हात खाली आला.

"वास," त्या म्हणाल्या. "तो वास रिळाचा होता?"

"हाव."

"म्हणजे माझं वांगं करपलं नव्हतं."

"नाही. चांगलं झालं होतं. मी रडत रडत खाल्लं, पण चांगलं झालं होतं."

"आणि सासूबाईले कोणी सांगितलं का करपलं?"

नारायणरावांनी शाल अंगाभोवती आवळून घेतली. घरी गेल्यावर मायनं विचारलं, सदऱ्याला कसला वास येतो. काहीतरी सांगायला पाहिजे होतं.

पार्वताबाईंना चिडायचं होतं, ती तयारीही झाली होती, पण आतून काहीतरी इतकं मोकळं होत होतं की राग त्यातून वर येईना. तीस वर्षं प्रत्येक वांगं चिरताना त्या मनात एकदा खाली मान घालत आल्या होत्या. आता ती मान वर झाली.

"रिळाचं माझ्याच नावावर राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुंडलिकले काही सांगू नका, शाल वापस मागंल तो. पण वांग्याचं उद्या सकाळी इंदूपुढे सांगायचं. विहीणबाई आहेत तोपर्यंत. तुमच्या तोंडानं."

नारायणराव हो म्हणाले. मग पार्वताबाईंनी विचारलं की खरा शेवट काय होता मग, उडन मास्टरचं झालं तरी काय.

"कोणी पाहिला? मी तर बाहेर होतो. तुझ्याशी बोलून राहिलो होतो."

"मग मी सांगितला तोच."

"तोच," नारायणराव म्हणाले.

आणि दोघांच्याही नाकाला एकदमच वास आला. करपल्याचा. चिमट्यातला पापड आचेवर टेकला होता आणि मधोमध काळा पडला होता.

पार्वताबाईंनी तो उचलला, उलटा करून पाहिला, ताटलीत ठेवला आणि ताटली नवऱ्यापुढे सरकवली.

"हा तुम्ही खा."

नारायणरावांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"चांगला झाला," ते म्हणाले.